तुकोबाराय आणि इंद्रायणीचा डोह

श्रीक्षेत्र देहूचा इंद्रायणीचा डोह कोणा वारकऱ्याला ठाऊक नाही? या डोहात मासा मारायचा नाही, हा गावचा जुना दंडक. भाविक काठावर बसून चुरमुरे, कणकेच्या गोळ्या टाकतात. अशी माया या पाण्यावर का जडली, ते कळायला तुकोबारायांचे चरित्रच पाहावे.

महाराजांचा जन्म इ. स. १६०८ चा मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी महाजनकी, सावकारी, विठ्ठलाची वारी. पुढे आईबाप गेले आणि १६३० चा दुष्काळ पडला. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, पोर गेले, दुकान बसले. एखादा दुसरा असता तर कर्जदारांच्या दारी धरणे धरून बसला असता. तुकोबांनी खतांची वाटणी केली. धाकट्या कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला अन् आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. गावातली कितीतरी घरे ऋणमुक्त झाली. घरी मात्र जिजाई होती, चूल होती. त्या माउलीने सोसले, ते विसरून चालायचे नाही.

पुढे वाघोलीच्या रामेश्वरभटांनी आक्षेप घेतला आणि अभंगांच्या वह्याही त्याच नदीत गेल्या. महाराज अन्नपाणी सोडून काठी बसले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे. रामेश्वरभट पुढे त्यांचेच शिष्य झाले.

बघा, वह्या वर आल्या. कर्जाची खते काही आली नाहीत. जे राखायचे ते नदीने राखले, जे बुडवायचे ते बुडवले!

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठास गेले. पुत्र नारायणमहाराजांनी १६८५ साली पालखी सुरू केली. यवत, वरवंड करीत ती पाटसला येते, न्याहारी-विसावा घेते आणि मग रोटीचा घाट चढते. पाटसकर भाकरी घेऊन वाटेवर उभे असतात.

असो. २०२४ साली त्याच इंद्रायणीत देहूला मेलेले मासे तरंगताना दिसले. गावाने मारले नाहीत, घाण पाण्याने मारले. ज्या नदीने गाथा राखली, तिच्यात आपण काय सोडतो, हे प्रत्येक माळकऱ्याने पाहावे. निर्माल्याची पिशवी नदीत न टाकणे, हीही सेवाच आहे.