वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि क्योतोचा मठ

आमच्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास वसईचा पडका कोट उभा आहे. तारापूर व केळवें-माहीम येथील किल्ल्यांप्रमाणें तोहि एके काळीं पोर्तुगिजांच्या ताब्यांत होता. या वसईस १५५६-५७ च्या सुमारास एक मुलगा जन्मला आणि चाळीस वर्षांनीं दूर जपानांत क्रुसावर मरण पावला. त्याचें मरण पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु मरणापूर्वीं परक्या राजधानींत एक मठ उभारतांना त्यानें जें काम केलें, तें आमच्या मुलांस क्वचितच कोणी सांगतो. येथें तेंच विशेषेंकरून सांगावयाचें आहे.

गोन्सालोचा बाप पोर्तुगीज आणि आई येथलीच, कोंकणची. अशा घरचें मूल पाळण्यापासूनच दोन भाषा ऐकतें, आणि तिसरी शिकावयास तें भीत नाहीं. वसईस येशूसंघाची शाळा होती, तींत त्याचें शिक्षण झालें. १५७२ मध्यें, पंधरा-सोळा वर्षांचा असतां, तो येशूसंघाच्या पाद्र्यांबरोबर जहाजांत बसून जपानास गेला. तेथें सुमारें आठ वर्षें त्यानें धर्मशिक्षकाचें काम केलें आणि जपानी भाषा इतकी आत्मसात केली कीं, ती त्याच्या मुखीं सहज खेळूं लागली. येशूसंघांत प्रवेश मिळावा अशी त्याची फार इच्छा होती; ती मात्र पुरी झाली नाहीं. दुसरा एखादा तरुण अशा वेळीं खट्टू होऊन घरीं परतला असता. गोन्सालो व्यापारांत पडला, त्यांत त्याची चांगली भरभराट झाली, आणि मग ती भरभराट सोडून तो फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं फ्रान्सिस्कन मठांत गेला. तेथेंहि तो पाद्री झाला नाहीं. मिस्सा अर्पिण्याचा अधिकार नसलेला, मठाचीं सेवेचीं कामें करणारा साधा ब्रदर, एवढीच त्याची पायरी.

या साध्या ब्रदरांची गरज १५९३ सालीं पडली. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें मनिलाच्या स्पॅनिश सरकारास दरडावून, आपलें वर्चस्व मान्य करण्याविषयीं निरोप पाठविला होता. गव्हर्नरनें उत्तरादाखल फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील नेमिलें. फादर विद्वान खरे, पण जपानी भाषेंत अजाण. म्हणून ब्रदर गोन्सालो दुभाषे होऊन निघाले. हिदेयोशीचा तळ त्या वेळीं क्यूशू बेटांतील नागोया येथें होता. (आजचें मोठें नागोया शहर तें हें नव्हे.) तेथूनच तो कोरियावरील स्वारीचीं सूत्रें हालवीत असे. अशा लढाऊ पुरुषासमोर एक अनवाणी भिक्षु उभा राहून बोलला. दुभाष्याचा एक शब्द चुकला तर मस्तक उडावयाचें, असा तो प्रसंग. परंतु भेट गोडीगुलाबीनें पार पडली, आणि मनिलाहून पुढील उत्तर येईपर्यंत या भिक्षूंनीं राजधानी क्योतो येथें राहावें अशी परवानगी मिळाली.

हिदेयोशीनें दिलेल्या जागेवर १५९४ त मठ व मंदिर उभें राहिलें. शेजारीं इस्पितळें निघालीं आणि त्यांत, ज्यांस कोणी शिवत नसे अशा महारोग्यांची शुश्रूषा होऊं लागली. जपानी ख्रिस्ती सुतार, वैद्य, धर्मशिक्षक, इतकेंच नव्हे तर बारा-तेरा वर्षांचीं मुलेंहि मठाच्या कामांत हातभार लावीत. ग्रंथांतून मठाचे संस्थापक म्हणून फादर पेद्रो यांचें नांव येतें, आणि तें योग्यच आहे. तथापि दाराशीं आलेल्या रोग्याचें दुःख समजून घेणें, अधिकाऱ्यांशीं बोलणीं करणें, हें ज्या भाषेवांचून अशक्य होतें ती भाषा पहिल्या दिवसापासून वसईच्या ब्रदरांपाशीं होती. आमच्या मतें त्या मठाच्या पायांतील एक चिरा तीच होय.

एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. परदेशी पाद्र्यांनीं देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीनें १५८७ मध्येंच काढिला होता. तो कडकपणें अमलांत येत नसल्यामुळें येशूसंघाचे लोक जपून वागत. फ्रान्सिस्कन मात्र उघडपणें उपासना करीत. यावरून दोन्ही संघांत बेबनाव होता, आणि जपून वागणाऱ्यांची भीति अगदींच निराधार नव्हती. १५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यास फुटलें व त्यावरील माल जप्त झाला. पाद्र्यांच्या मागोमाग स्पेनचें सैन्य येतें, असा संशय हिदेयोशीच्या मनांत बळावला आणि डिसेंबरांत मठाभोंवतीं पहारे बसले.

क्योतो येथें कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, गाड्यांत बसवून त्यांची धिंड काढण्यांत आली. नंतर ऐन हिवाळ्यांत सुमारें एक महिना त्यांस नागासाकीकडे चालविलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेंकडीवर सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा इतर जपानी ख्रिस्ती होते. सर्वांत लहान लुईस बारा वर्षांचा होता. दोन्ही संघांचे लोक तेथें एकाच रांगेंत होते.

१६२७ मध्यें ब्रदर गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांस धन्य म्हणून गौरविण्यांत आलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं या सव्वीसहि रक्तसाक्ष्यांस संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मलेल्या मनुष्यास असा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. वसईजवळील गास गांवचें मंदिर त्यांच्या नांवाचें आहे. वसईच्या कोटांत येशूसंघाचें जें जुनें मंदिर आहे, तेंहि आतां संत गोन्सालो गार्सिया यांच्याच नांवानें ओळखिलें जातें.