त्रिभुवनदास पटेल : परदेशी पावडरीपुढं गावची डेअरी उभी करणारा माणूस

मोबाईलवर परदेशाशी नव्या व्यापार कराराची बातमी आली, की आमच्या डेअरीवर सकाळी एकच विषय निघतो. बाहेरची पावडर येणार का? आणि आली तर आपल्या दुधाचं काय? ज्याच्या दावणीला दोन म्हशी आहेत त्यालाही हा प्रश्न पडतो. पडायलाच पाहिजे. पण हा प्रश्न आजचा नाही. गुजरातमधल्या आणंदच्या एका शेतकरी पुढाऱ्यानं आयुष्यभर त्याच्याशी झुंज दिली. त्यांचं नाव त्रिभुवनदास किशीभाई पटेल. अमूल म्हटलं की आपल्याला डॉ. वर्गीस कुरियन आठवतात, ते बरोबरच आहे. पण कुरियन यांच्या पाठीशी जो माणूस भिंतीसारखा उभा राहिला, तो आपल्याकडं फारसा कुणाला माहीत नाही.

त्रिभुवनदास यांचा जन्म 22 ऑक्टोबर 1903 चा. गांधीजी आणि सरदार पटेल यांच्या विचारानं तरुणपणीच ते चळवळीत उतरले. 1930 पासून त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. अंगात खादी, पायी हिंडायची सवय आणि गावोगावी ओळख, एवढीच त्यांची कमाई होती.

मुंबईला दूध, शेतकऱ्याला कवड्या

त्या वेळी खेडा जिल्ह्याचं दूध मुंबईला जायचं. दूध गोळा करायचा मक्ता पोलसन या खाजगी कंपनीकडं होता. मधले ठेकेदार भाव पाडून दूध घ्यायचे. शेतकऱ्याला दुसरीकडं घालायची सोय नव्हती, कारण दूध काही ज्वारीसारखं कणगीत भरून ठेवता येत नाही. संध्याकाळपर्यंत गेलं नाही तर नासलं.

गाऱ्हाणं घेऊन शेतकरी सरदार पटेलांकडं गेले. सरदारांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की स्वतःची संस्था काढा आणि सरकार ऐकत नसेल तर दूध बंद करा. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. जानेवारी 1946 मध्ये सामरखा गावात सभा झाली आणि संप ठरला. पंधरा दिवस खेड्याचं दूध मुंबईला गेलं नाही. घरात नासत असलेलं दूध बघत पंधरा दिवस दम धरणं काय असतं, हे धार काढणाऱ्यालाच कळेल. शेवटी सरकारला नमावं लागलं. 14 डिसेंबर 1946 ला खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली आणि अध्यक्ष झाले त्रिभुवनदास.

सुरुवात दोन गावांच्या संस्थांपासून झाली. दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास दूध. त्रिभुवनदास गावोगाव जाऊन लोकांना समजावत राहिले. दूध कुणाचंही असो, माप एक, फॅट बघायची पद्धत एक, रांगही एकच. ज्या काळात पाणवठे वेगळे होते त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

1949 मध्ये सरकारी नोकरीवर आणंदला आलेले तरुण इंजिनिअर कुरियन बोजा बांधून परत निघाले होते. त्रिभुवनदासांनी त्यांना थांबवलं. कारखाना कुरियननी चालवायचा आणि शेतकरी, पुढारी, राजकारण काकांनी सांभाळायचं, अशी वाटणी झाली आणि ती टिकली.

पहिली गाठ परदेशी मालाशी

आता मुद्द्यावर येऊ. हिवाळा हा म्हशींचा पुष्टकाळ. दूध वाढायचं, पण मुंबई तेवढं घ्यायची नाही. जादा दूध टिकवायचं तर पावडर आणि लोणी करायला हवं. आणि देशात तेव्हा पावडर यायची बाहेरून, लोणीही यायचं बाहेरून. गाईचं दूध पिणाऱ्या देशांतले तज्ज्ञ सांगत होते, की म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही. आणंदच्याच एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. 31 ऑक्टोबर 1955 ला पंडित नेहरूंच्या हस्ते तो कारखाना सुरू झाला. गंमत बघा, या कारखान्याला युनिसेफबरोबर न्यूझीलंड सरकारचीही मदत होती, आणि आज आपण ज्या देशाच्या पावडरीला भितो त्यात न्यूझीलंड पहिला.

आणंदचं उत्पादन जसजसं वाढलं, तसतशी सरकारनं बाहेरच्या लोण्याची आयात कमी केली. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आधी आयात बंद झाली आणि मग डेअरी उभी राहिली, असं घडलं नाही. गावं एकत्र आली, माल तयार झाला, म्हणून सरकारला दार लावता आलं.

1963 मध्ये त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबई दूध योजनेचे डी. एन. खुरोडी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1964 मध्ये त्रिभुवनदासांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदला आले, तिथल्या एका गावात मुक्काम केला आणि हीच पद्धत देशभर न्यायचं ठरलं.

फुकटची पावडर

1970 च्या सुमारास युरोपात पावडर आणि लोण्याचे अक्षरशः डोंगर साचले होते. तिथल्या सरकारांनी शेतकऱ्याला भावाची हमी दिलेली, त्यामुळं दूध वाढतच गेलं. तो माल मदत म्हणून भारताला मिळणार होता. 1,26,000 टन पावडर आणि 42,000 टन बटर ऑइल. हा माल शहरात फुकट वाटला असता तर खेड्यातलं दूध विचारलं कुणी असतं? दुधाचा महापूर योजनेत त्याचं दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथं विकलं आणि आलेल्या पैशातून देशभर आणंदसारख्या संस्था उभ्या केल्या. ज्या मालानं आपण बुडालो असतो, त्याचंच भांडवल झालं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्रिभुवनदासांनी अध्यक्षपद स्वतःहून सोडलं. सभासदांनी वर्गणी करून थैली दिली. ती त्यांनी घरी नेली नाही, खेड्यातल्या बायका आणि लेकरांच्या आरोग्यासाठी संस्था काढली.

3 जून 1994 ला ते गेले. त्याच्या दीड महिना आधी, 15 एप्रिलला, जागतिक व्यापाराचा मोठा करार सह्या होऊन पक्का झाला होता. त्यात आपली एक जुनी अडचण तशीच राहिली होती. देशात दूध कमी होतं तेव्हाच्या करारात भारतानं पावडरीवर शून्य आयात शुल्क मान्य केलेलं होतं. आयातीला परवान्याचं बंधन होतं तोवर ते जाणवलं नाही. बंधनं सैल झाल्यावर स्वस्त पावडर आत यायला वाट मोकळी झाली. मग सरकारला पुन्हा बोलणी करावी लागली. वर्षाला 10,000 टनांपर्यंत 15 टक्के आणि त्यापुढं 60 टक्के शुल्क लावायची मुभा मिळाली, पण बदल्यात दुसऱ्या मालावर सवलती द्याव्या लागल्या. करारात एकदा लिहून दिलेलं पुसायचं तर किंमत मोजावी लागते, ती अशी.

नोव्हेंबर 2019 मध्ये आरसेप करारातून भारत बाहेर पडला. 2022 च्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात दूध बाहेर ठेवलं. देशातल्या कोट्यवधी दूधवाल्यांचा आवाज होता म्हणूनच हे झालं, आणि तो आवाज संस्थांमुळं होता.

2025 मध्ये संसदेनं कायदा करून आणंदच्या सहकार विद्यापीठाला त्रिभुवनदासांचं नाव दिलं. चांगलं झालं. पण मला विचाराल तर खरं स्मारक आपल्या गावात आहे. आयात शुल्क दिल्लीत ठरतं, ते आपल्या हातात नाही. डेअरीची वार्षिक सभा मात्र आपल्याच गावात होते. माझ्या गावात त्या सभेला किती जण येतात, हे मी दरवर्षी मोजतो. आम्ही रजिस्टरवर सही करतो आणि चहा पिऊन घरी जातो. फॅट कमी लागली की कट्ट्यावर बोलतो, सभेत बोलत नाही. सामरख्याची माणसं पंधरा दिवस दम धरून बसली होती. आपण निदान दोन तास तरी बसू.