अय्यलसोमयाजुला ललिता

अय्यलसोमयाजुला ललिता (जन्म : मद्रास, २७ ऑगस्ट १९१९; मृत्यू : १२ ऑक्टोबर १९७९) या विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होत. भारतातील पहिल्या तीन महिला अभियंत्यांत त्यांची गणना होते. वयाच्या अठराव्या वर्षी वैधव्य आल्यावर, तान्ह्या मुलीची जबाबदारी असताना त्यांनी पुन्हा शिक्षण सुरू केले आणि गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळवला.

प्रारंभिक जीवन

ललिता यांचा जन्म मद्रासमधील (आताचे चेन्नई) एका मध्यमवर्गीय तेलुगू कुटुंबात झाला. सात भावंडांत त्या पाचव्या. वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. घरातील मुलगे अभियंते झाले. मुलींचे शिक्षण मात्र प्राथमिक पातळीच्या फारसे पुढे जात नसे आणि त्यांची लग्ने लवकर होत. सुशिक्षित घरांतही त्या काळी हा भेद गृहीत धरलेला असे.

ललिता यांचा विवाह पंधराव्या वर्षी झाला. तरी वडिलांच्या आग्रहामुळे त्यांची शाळा सुटली नाही व विवाहानंतर त्या एस.एस.एल.सी. म्हणजे शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १९३७ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि ती चार महिन्यांची असतानाच पतीचे निधन झाले. उच्चवर्णीय विधवेने सण-समारंभांपासून दूर, एका कोपऱ्यात आयुष्य काढावे अशी तेव्हाची रूढी होती. ललिता माहेरी परतल्या आणि स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे शिक्षण घेण्याचा त्यांनी निश्चय केला. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र हाती असल्यामुळेच हा निश्चय प्रत्यक्षात येणे शक्य होते.

शिक्षण

अभियांत्रिकीला प्रवेश घेण्यासाठी आधी इंटरमीजिएटची परीक्षा द्यावी लागे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या क्वीन मेरीज महाविद्यालयातून ललिता ही परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. पुढे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग खुला होता. स्त्रियांसाठी तो बराच रुळलेलाही होता. परंतु डॉक्टरला रात्री-अपरात्री रुग्णाकडे जावे लागते, आणि लहान मुलीला सोडून तसे जाणे त्यांना नको होते. ठरावीक वेळेत काम संपवून घरी येता येईल असा व्यवसाय त्यांना हवा होता. वडील आणि भाऊ अभियंते असल्याने त्या व्यवसायाची त्यांना जवळून ओळख होती. अभियांत्रिकीची निवड त्यांनी केली ती अशा व्यवहारी विचाराने. पहिली महिला होण्याची हौस त्यामागे नव्हती.

अडचण होती ती प्रवेशाची. १७९४ मध्ये भूमापन शाळा म्हणून सुरू झालेल्या गिंडीच्या संस्थेत तोवर एकही विद्यार्थिनी नव्हती. सुब्बाराव यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याशी बोलणे केले. चाको यांनी विषय सहानुभूतीने हाताळला. प्रांताचे शिक्षण संचालक आर. एम. स्टॅथम यांचीही संमती मिळाली आणि विद्युत अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ललिता यांना प्रवेश मिळाला.

शेकडो मुलांच्या महाविद्यालयात त्या एकट्या होत्या. सहाध्यायांचे वागणे सौजन्याचे होते, असे त्यांच्याविषयीच्या वृत्तान्तांवरून दिसते. त्यांच्या राहण्याची व्यवस्था स्वतंत्र करण्यात आली. मुलगी नातेवाइकांकडे असे व आठवड्याच्या शेवटी ललिता तिला भेटायला जात. तरीही एकटेपणा जाणवत असे. ते पाहून वडिलांच्या प्रयत्नाने महाविद्यालयाने विद्यार्थिनींना प्रवेश खुला असल्याची जाहिरात दिली. त्यानंतर पी. के. थ्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य अभियांत्रिकीला दाखल झाल्या. त्या ललिता यांच्यापेक्षा एक वर्ष मागे होत्या. पण दुसऱ्या महायुद्धामुळे अभ्यासक्रमाचा काळ काही महिन्यांनी कमी करण्यात आला आणि १९४३ मध्ये तिघींचे शिक्षण एकदमच पूर्ण झाले. थ्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

पदवी प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात पुल्लिंगी सर्वनाम होते. ते खोडून त्या जागी हाताने स्त्रीलिंगी सर्वनाम लिहावे लागले. (प्रमाणपत्र इंग्रजीत असल्याने एवढ्या एका शब्दावर भागले; मराठीत असते तर क्रियापदेही बदलावी लागली असती.)

कारकीर्द

प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी ललिता यांनी बिहारमधील जमालपूर येथील रेल्वे कारखान्यात एक वर्ष उमेदवारी केली. त्यानंतर सिमला येथे केंद्रीय मानक संघटनेत त्या अभियांत्रिकी साहाय्यक झाल्या. तेथे भावाचे कुटुंब असल्याने मुलीला सांभाळणे सुकर झाले. याच काळात लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या संस्थेची ग्रॅज्युएटशिप परीक्षा त्यांनी दिली. १९४६ च्या अखेरीस नोकरी सोडून काही महिने त्यांनी वडिलांना संशोधनात मदत केली. विजेवर चालणारे जेलेक्ट्रोमोनियम हे वाद्य आणि धूरविरहित चूल ही त्यांतील दोन उदाहरणे होत.

अर्थार्जनाच्या गरजेने १९४८ मध्ये त्या कलकत्त्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत रुजू झाल्या. पारेषण वाहिन्यांचे अभिकल्प, उपकेंद्रांची मांडणी आणि संरक्षक उपकरणांची योजना असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. वाहिनीत बिघाड झाल्यास तेवढाच भाग तत्काळ तोडून उरलेली यंत्रणा सुरक्षित ठेवणे, हे या उपकरणांचे कार्य. सतलज नदीवरील भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत यंत्रणेचे कामही त्यांनी केले. १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत, जवळजवळ तीस वर्षे, त्या याच नोकरीत राहिल्या.

लंडनच्या उपरोक्त संस्थेने त्यांना १९५३ मध्ये सहयोगी आणि १९६६ मध्ये पूर्ण सदस्यत्व दिले. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे महिला अभियंते व वैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतात तेव्हा महिला अभियंत्यांची संघटना नसल्याने ललिता त्या परिषदेस व्यक्तिगत नात्याने उपस्थित राहिल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीच्या त्या सदस्य झाल्या.

व्यक्तिगत जीवन व मृत्यू

ललिता यांनी पुनर्विवाह केला नाही. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९७९ रोजी, मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.