वीरजी व्होरा : इंग्रजांना कर्ज देणारा सुरतेचा सावकार

नवापूर स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. आपल्याकडची कितीतरी माणसं इथूनच गाडी धरून उधना, लिंबायतकडे पोटापाण्यासाठी जातात. मोगलांच्या काळातही वाट हीच होती. सुरत बंदरातून बऱ्हाणपूर, पुढे आग्रा, असे बैलांचे तांडे नवापूर-नंदुरबारवरून जायचे. नवापूरच्या सुवासिक तांदळाची नोंद तर ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवली आहे. त्या काळी सुरतेचा सगळ्यात मोठा व्यापारी होता वीरजी व्होरा. शिवचरित्र वाचणारे त्याला बहरजी बोहरा म्हणून ओळखतात. नावावरून अनेकांना तो मुस्लिम बोहरी वाटतो, पण तो जैन होता.

अकबराने 1573 मध्ये सुरत घेतली. गुजरात सुभ्याची राजधानी अहमदाबाद, पण पैसा यायचा सुरतेतून. कापड आणि नीळ बाहेर जायची, बदल्यात चांदी यायची आणि टांकसाळीत तिचे रुपये पडायचे. हजचे यात्रेकरूही इथूनच जहाजात बसत. वीरजीचा जन्म 1590 च्या सुमारासचा. 1619 पासून इंग्रजांच्या कागदांत त्याचं नाव येऊ लागतं, ते पुढची पन्नास वर्षं येतच राहतं.

धंद्याची त्याची रीत साधी होती. बाजारात आलेला सगळा माल एकरकमी उचलायचा, मग भाव आपण सांगायचा. 1625 मध्ये मिरीच्या बाबतीत त्याने हेच केलं. भाव परवडेना म्हणून इंग्रजांनी दख्खनमधून परस्पर मिरी घ्यायचं ठरवलं, तर तिथेही वीरजीचा माणूस जास्त भाव देऊन उभा! चिडले तरी इंग्रज जाणार कुठे? भांडवलासाठी त्याच्याच दारात यावं लागे. 1636 मध्ये कंपनीने त्याच्याकडून दोन लाख रुपये उचलले. व्याज महिन्याला एक ते दीड टक्का. आजच्या बँकेच्या दरात मोजलं तर वर्षाला बारा ते अठरा टक्के झाले. ज्या कंपनीने पुढे देश गिळला, ती तेव्हा सुरतेच्या एका शेठची कर्जदार होती.

पण इतका पैसा असूनही तो सुरक्षित नव्हता. 1638 मध्ये सुरतेच्या सुभेदाराने त्याला कैदेत टाकलं. प्रकरण शाहजहानपर्यंत गेलं. बादशहाने वीरजीला सोडलं आणि सुभेदाराला काढलं. न्याय मिळाला खरा, पण तो बादशहाच्या मर्जीवर होता, हे व्यापाऱ्याला कळलंच असणार. त्याची संपत्ती ऐंशी लाखांच्या घरात सांगितली जायची.

मग आला जानेवारी 1664. शाहिस्तेखानाच्या स्वारीने स्वराज्याची तीन वर्षं नासधूस केली होती, तिची भरपाई शिवाजी महाराजांनी मोगलांच्या तिजोरीतूनच करायचं ठरवलं. सुरतेचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. शहराला धड तट नव्हता. व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं भरलेली जकात संरक्षणाच्या कामी आली नाही. इंग्रज आणि डचांनी आपापल्या वखारी लढवून वाचवल्या. वीरजीचा वाडा मात्र रिकामा झाला. सोनं, मोती, रत्नं पिंपं भरून गेल्याचं एका डच माणसाने लिहिलं आहे.

आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते. माणूस मात्र थांबला नाही. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभर जकात माफ केली, पुढे शहराला तटही बांधला गेला. वीरजी पुन्हा पेढीवर बसला. तोवर वय सत्तरीच्या पुढे. 1669 मध्ये त्याने दुसऱ्या एका सावकाराबरोबर इंग्रजांना चार लाख रुपये कर्ज दिल्याची नोंद आहे. म्हणजे वाडा लुटला गेला, पण पत राहिली. घरात पुरलेलं सोनं नेता येतं, आग्रा-बऱ्हाणपूरच्या पेढ्यांवर चालणाऱ्या हुंड्या कोण नेणार?

ऑक्टोबर 1670 मध्ये महाराज पुन्हा सुरतेवर आले आणि परतताना मुल्हेरच्या बाजूने, आपल्या बागलाणातून गेले. त्यानंतर वीरजीचं नाव कागदांतून नाहीसं होत जातं आणि पेढीच्या व्यवहारात त्याचा नातू नानचंद दिसू लागतो. कंपनीनेही पुढे आपलं ठाणं सुरतेहून मुंबईला हलवलं.