लोकराजाला बाबासाहेबांनी दिलेला निरोप

२६ जून हा राजर्षी शाहू महाराजांचा जन्मदिवस. काही वर्षी याच सुमारास ज्ञानोबांची पालखी वेळापूरच्या मुक्कामी असते. वाटेत अचानक ओळख झालेली माणसे पुढच्या आषाढीला भेटू म्हणून एकमेकांचा निरोप घेतात. शाहू महाराज आणि बाबासाहेब यांना मात्र पुन्हा भेटता आले नाही. त्यांच्या सहवासाला जेमतेम काही महिने मिळाले. पण त्या काही महिन्यांनी बहुजनांच्या चळवळीला दिशा दिली.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. वेदोक्त प्रकरणात भटशाहीने या राजालाही शूद्र ठरवले. ज्या व्यवस्थेत राजाची ही गत, तिथे महार-मांगांची काय असेल, हे त्यांनी ओळखले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी वतनदारांना रयताव्याने दिल्या. पिढ्यान्पिढ्यांची वेठबिगारी एका हुकमाने मोडली.

बाबासाहेबांशी त्यांची गाठ पडली ती चित्रकार दत्तोबा दळवी यांच्यामुळे. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. अस्पृश्य समाजातला एवढा शिकलेला तरुण मुंबईत आहे हे कळताच महाराजांनी संस्थानिकाचा डामडौल बाजूला ठेवला आणि ते स्वतः त्यांच्या चाळीत जाऊन भेटले. महाराज त्यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी वडील. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्यासाठी महाराजांनी २५०० रुपये दिले. २१ व २२ मार्चला माणगावच्या परिषदेत बाबासाहेब अध्यक्ष होते. तिथे महाराजांनी अस्पृश्यांना जाहीरपणे सांगितले की तुमचा खरा पुढारी तुम्हाला मिळाला आहे. स्वतः राजा असून दुसऱ्याच्या हाती पुढारीपण देणारा असा माणूस इतिहासात शोधूनच काढावा लागेल! मेअखेरीस नागपूरला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष महाराज होते आणि तिथेही बाबासाहेब हजर होते.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला निघाले. महाराजांनी या प्रवासालाही पैशाची मदत केली. पुढे पत्रव्यवहार चालू राहिला, भेट मात्र झाली नाही. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. बाबासाहेब हजारो मैल दूर. अंत्ययात्रेत पाऊल टाकणे नाही, अखेरचे दर्शन नाही. १० मे रोजी राजाराम महाराजांना लिहिलेल्या पत्रातून त्यांनी आपले दुःख कळवले. आपली व्यक्तिगत हानी झालीच, पण अस्पृश्यांचा थोर कैवारी गेला, असा त्या पत्राचा आशय होता.

पण बाबासाहेबांचा खरा निरोप पत्रात नव्हता, तो कामात होता. १९२३ मध्ये ते परतले. मुंबईच्या कायदेमंडळात गेल्यावर १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाचे विधेयक मांडले. कोल्हापुरात जे एका राजाने केले, ते ब्रिटिश मुलखात कायद्याने व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. वेळापूर ब्रिटिश सोलापूर जिल्ह्यातले गाव, त्यामुळे शाहूंचा हुकूम इथे लागू नव्हता. इथल्या महारांची वतनाच्या जोखडातून कायद्याने सुटका झाली ती १९५८ च्या कायद्याने. कोल्हापूर आणि वेळापूर यांच्यात अंतर किती? चाळीस वर्षांचे! तोवर बाबासाहेबही राहिले नव्हते.

बांधवांनो, आपण थोरांना निरोप देतो म्हणजे काय करतो? हार घालतो, फलक लावतो, मिरवणूक काढतो. जयंती जरूर साजरी करा. पण त्याच आठवड्यात गावच्या तलाठ्याकडे जाऊन वतनाच्या जमिनीचा सातबाराही काढा. ती जमीन आज कुणाच्या नावावर आहे आणि ती कसते कोण, हे वाचा. ज्यांच्या हातून ती निसटली असेल त्यांच्या पाठीशी उभे राहा. बाबासाहेबांनी आपल्या वडीलधाऱ्या मित्राचे राहिलेले काम खांद्यावर घेतले. ते काम अजून संपलेले नाही.