फुटली, पण सुटली नाही!

मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या जुन्या ट्रकची समोरची काच काढायचं काम चाललं होतं. आजोबांच्या वेळचा बॉनेटवाला ट्रक, कित्येक वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेला. केबिन रंगवायची तर काच आधी उतरवावी लागते, कारण खरा गंज लपलेला असतो तो काचेभोवतीच्या रबराखाली. मिस्त्रींनी वायपर काढले, रबराच्या खाचेतली पट्टी ओढून काढली. आता आतून एकाने दोन्ही पायांनी काचेच्या कोपऱ्यावर हळूहळू दाब द्यायचा आणि बाहेर दोघांनी ती झेलायची, असा प्लॅन होता. पण रबर वाळून लाकडासारखं झालेलं. ब्लेडने त्याची बाहेरची कड कापून टाकू, असं मिस्त्री सांगत होते. मामाला कुठला धीर! त्याने लाथ घातल्यासारखा जोर लावला आणि कडकन आवाज झाला. अख्ख्या काचेवर कोळ्याचं जाळं.

मामा अनवाणी होता. आम्ही सगळे आधी त्याच्या तळव्यांकडे बघितलं. रक्ताचा एक थेंबही नाही.

मग मिस्त्रींनी त्यांच्या पद्धतीने रबर कापलं, काच बाहेर आली आणि तिची कड पहिल्यांदा दिसली. एक काच नव्हतीच ती. दोन काचा, आणि मधे केसाएवढी रेघ. त्या रेघेने मामाचे पाय वाचवले होते. ही रेघ कुणाच्या डोक्यातून आली हे शोधायला बसले, तर एक भलताच माणूस हाती लागला.

त्याचं नाव एदुआर बेनेदिक्तुस. जन्म पॅरिसचा, १८७८चा. मोटारींशी संबंध म्हणजे इंजिनियर असणार असं वाटतं ना? छे. हा मूळचा चित्रकार. चामड्यावर नक्षीकाम करायचा, पुस्तकांच्या देखण्या बांधणी करायचा, कापडांची डिझाइन्स काढायचा. शिवाय संगीत रचायचा, लिहायचा आणि उरलेल्या वेळात रसायनशास्त्र! आपल्याकडे अशा मुलाला घरचे आधी एक काहीतरी धड कर म्हणून सुनावतात. (अनुभवाचे बोल आहेत.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये तरुण कलाकारांचा एक कट्टा जमायचा. स्वतःला ते ‘आपाश’ म्हणवून घेत, म्हणजे थोडक्यात मवाली. संगीतकार मॉरिस रावेल त्या टोळक्यातला, आणि आपला बेनेदिक्तुसही.

१९०३ सालची गोष्ट अशी सांगतात. प्रयोगशाळेत शिडीवर चढून फडताळातलं सामान काढताना त्याचा धक्का लागून काचेचा एक चंबू खाली पडला. उंचावरून फरशीवर. आवाज आला, चंबू तडकला, पण विखुरला नाही. आकार जसाच्या तसा. त्यात पूर्वी कधीतरी सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण ठेवलेलं होतं. द्रावक उडून गेला आणि आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक थर चिकटून राहिला. त्याच थराने सगळे तुकडे धरून ठेवले होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर चित्रित झाला, तीसुद्धा याच रसायनाची.

बेनेदिक्तुसने काय केलं? चंबूवर चिठ्ठी चिकटवली आणि तो परत फडताळात ठेवून दिला. बस. ‘युरेका’ वगैरे काही नाही.

मोटारी तेव्हा नव्या नव्या होत्या. धडक लहान असली तरी समोरची साधी काच फुटायची आणि तिचे सुऱ्यासारखे तुकडे चेहऱ्यात, गळ्यात घुसायचे. पेपरमध्ये अशा अपघातांच्या बातम्या वाचताना त्याला फडताळातला तो चंबू आठवला आणि तो तडक प्रयोगशाळेत जाऊन कामाला लागला. हा सगळा किस्सा पुढे त्यानेच सांगितलेला आहे, तेव्हा थोडी फोडणी असेलही. पण १९०९चं पेटंट मात्र पक्कं आहे. दोन काचांच्या मधे सेल्युलॉइडचा पातळ पत्रा, चिकटवायला जिलेटिन, आणि वरून दाब. थर तीन, म्हणून नाव ‘ट्रिप्लेक्स’.

काचांचं सँडविच करायची कल्पना त्याची एकट्याची नव्हती, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये जॉन क्रू वूड नावाच्या माणसाने १९०५ मध्येच तसं पेटंट घेतलं होतं. त्याचा माल बाजारात टिकला नाही. बेनेदिक्तुसचा टिकला, पण त्यालाही मोटारवाल्यांनी लगेच डोक्यावर घेतलं नाही. काच महाग पडत होती, आणि प्रवाशाचा चेहरा वाचवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, असं तेव्हा फारसं कुणाला वाटतच नव्हतं. ही काच खऱ्या अर्थाने कामाला आली ती पहिल्या महायुद्धात, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांवर. घरातल्या मोटारीआधी ती खंदकात पोहोचली.

याच युद्धात कट्ट्यावरचा रावेल काय करत होता माहितीये? विमानदलाने त्याला घेतलं नाही, तर पठ्ठ्या १९१६ मध्ये व्हर्दनच्या आघाडीजवळ लष्करी ट्रक चालवत होता. ट्रकचं नावही ठेवलं होतं, आदेलाईद. ट्रकला लाडाचं नाव ठेवायचा मक्ता फक्त आपल्या ड्रायव्हरांकडे आहे असं मला वाटायचं.

त्या पहिल्या काचेत एक मोठा दोष होता. सेल्युलॉइड उन्हाने पिवळं पडायचं. कडेतून ओल आत शिरली की थर सुटायला लागायचे आणि काच पांढुरकी दिसायची. १९२०च्या दशकाच्या अखेरीस फोर्डने ‘मॉडेल ए’ या स्वस्त मोटारीला लॅमिनेटेड काच दिली आणि ती साध्या माणसापर्यंत आली. पिवळेपणाचं दुखणं मात्र पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हे नवं प्लास्टिक मधल्या थरासाठी १९३०च्या दशकात आल्यावर गेलं. आजच्या गाड्यांतही तेच असतं. ओल मात्र अजूनही कडेतूनच शिरते. मामाच्या काचेची कड दुधाळ झालेली होती ती त्यामुळेच. आपल्याकडे समोरची काच लॅमिनेटेडच हवी हा नियम आला १९९०च्या दशकात. त्याआधीच्या कितीतरी गाड्यांना टफन्ड काच असायची. ती फुटली की साबुदाण्यासारखे दाणे होतात. सुरे नाहीत, पण समोरचं काही दिसतही नाही. मामाने तसल्या काचेवर पाय दिला असता तर थेट त्या दाण्यांतून बाहेर आला असता.

बेनेदिक्तुसने ते नवं प्लास्टिक पाहिलंच नाही. १९२०च्या दशकात तो पुन्हा रंगांत बुडाला होता. त्याच्या गालिच्यांच्या आणि कापडांच्या डिझाइन्सचे संच निघत होते, स्टेन्सिल ठेवून हाताने रंगवलेले. चमचमते, भडक, कोनाकोनांचे. आर्ट डेकोची पुस्तकं चाळताना ती पानं आजही समोर येतात. ‘रले’ नावाचा संच १९३०चा, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत तो गेला. वय ५१. डिझाइनवाल्यांना त्याची काच ठाऊक नाही आणि काचवाल्यांना डिझाइन ठाऊक नाही, असा हा माणूस. मला यातलं दुसरं जास्त खटकतं. रंगांचं वेड नसतं, तर त्याच्या फडताळात असली चिकट द्रावणं कशाला जमली असती? अर्थात हा माझा अंदाज.

नवी काच पंधरा दिवसांनी आली, कड बघून, दोन थर मोजूनच घेतलेली. मिस्त्रींनी रबराच्या खाचेत सुतळी बसवली, साबणाचं पाणी लावलं, काच चौकटीवर टेकवली आणि आतून सुतळी हळूहळू ओढत रबराची कड पत्र्यावर चढवली. अर्ध्या तासात काम फत्ते. या वेळी मामाला बाहेर उभं केलं होतं, बूट घालून.