आर्चिबाल्ड गीकी
सर आर्चिबाल्ड गीकी (२८ डिसेंबर, १८३५:एडिंबरा, स्कॉटलंड - १० नोव्हेंबर, १९२४) हे स्कॉटिश भूवैज्ञानिक व लेखक होते. १८७१ साली ते एडिंबरा विद्यापीठात भूविज्ञानाचे प्राध्यापक झाले. स्कॉटलंडमधील दऱ्याखोरी मुख्यतः पाऊस, नद्या व हिमनद्यांनी कोरली आहेत, असे मत त्यांनी १८६५ सालच्या ग्रंथात मांडले होते. पुढे त्यांनी प्राकृतिक भूगोल व भूविज्ञान या विषयांवर शालेय प्रवेशिका लिहिल्या. त्या काळी भूगोल म्हणजे बहुधा नावांचे पाठांतर असे. १८८७ साली भूगोलाच्या अध्यापनावर लिहिलेल्या पुस्तकात गीकी यांनी या पद्धतीला विरोध केला. परिसरातील पावसाचे गढूळ पाणी, ओढ्यातले गोटे व काठचा गाळ यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातूनच भूपृष्ठ कसे बदलते हे मुलांना उमगते, अशी त्यांची भूमिका होती. १९०८ ते १९१३ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते.